फुली आणि कडुनिंबाची काडी

मला नववा महिना लागला होता. सौसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोनदा बीपी मोजलं आणि म्हणाल्या, "प्रीएक्लॅम्प्सिया आहे. आज घरी जायचं नाही." म्हणजे गरोदरपणी रक्तदाब चढतो, लघवीतून प्रोटीन जातं, अंगावर सूज येते. जिवाला धोका आईच्याही आणि बाळाच्याही.

"आणि ही नाकातली फुली काढा. नाक सुजलंय, पेच मांसात रुतेल. ऑपरेशन लागलं तर भूल देताना आडवी येईल."

मी पांढुर्ण्याला संत्र्यांचा व्यापार करते. भल्याभल्यांना भावावर आणते. म्हटलं, "दोन दिवस थांबा. सूज उतरली तर?"

"हा संत्र्याचा ढीग नाही, बाई."

खरं कारण मी सांगितलं नाही. सासूबाईंनी आपली फुली मला, थोरलीला, न देता धाकट्या जावेला घातली होती. त्या रागात मी बुजलेलं नाक पुन्हा टोचून घेतलं, स्वतःच्या कमाईची फुली घातली. टोचून चारच महिने झाले होते. काढली की भोक पुन्हा बुजणार.

दुसऱ्या दिवशी चेहरा आणखी सुजला. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. तरी मी अडून बसले.

सासूबाई उशाशी आल्या. "काहून अडून राहिली वो? नाक तुहं हाय, लेकरू तं आपलं हाय ना?"

मग त्या दवाखान्याच्या अंगणातून कडुनिंबाची काडी घेऊन आल्या. आमच्याकडे नाक टोचलं की भोक बुजू नये म्हणून अशी काडी घालतात. डॉक्टरीणबाई आधी नाहीच म्हणाल्या.

"उकळून आणतो, बाई. तुम्ही म्हणान तवा काढतो," सासूबाई म्हणाल्या. माझ्याहून चिवट घासाघीस मी त्या दिवशी पाहिली. शेवटी डॉक्टरीणबाई तयार झाल्या, आणि मीही.

नर्सने तेल लावून पेच फिरवला. मी ओरडले, सासूबाईंना शिव्याही दिल्या. फुली निघून काडी बसेपर्यंत त्यांनी माझं डोकं पोटाशी धरून ठेवलं.

त्याच संध्याकाळी कळा सुरू करायचं सलाईन लागलं. पहाटे मुलगी झाली. ऑपरेशन लागलं नाही.

बायांनो, सूज चढायच्या आधीच, सातव्या महिन्यात डॉक्टरला विचारून दागिने उतरवा. माझ्यासारखा हट्ट करू नका.

नवव्या दिवशी सूज उतरली. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. इतके दिवस फुली तिथेच होती, आंघोळीलाही त्यांनी ती गाठ नजरेआड केली नव्हती. काडी काढून त्यांनी फुली घातली. पहिल्याच झटक्यात बसली.

"माही फुली जुनी होती, दांडी झिजली होती," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तुले देली नाही. तू तं तोंडावर फेकली असती."

खरंच फेकली असती. मी मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.