नंदाची पत्रिका आणि मशीनचा लाल दिवा

परवा माझ्या नातीचं इंटरनेट गेलं. तासभरच गेलं असेल, पण पोट्टीनं घर डोक्यावर घेतलं. ‘‘आजी, तुम्ही लोक कॉम्प्युटरशिवाय जगत कसे होते?’’ म्हटलं, बाई, जगत होतो कुठं? ऐंशीच्या दशकातच त्यानं आम्हाला कामाला लावलं होतं. फरक इतकाच की तुझा कॉम्प्युटर तुझ्या मांडीवर बसतो, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात आम्ही सगळे बसायचो!

सीताबर्डीत एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. शाळांचे निकाल, कारखान्यांची हजेरी, लकडगंजच्या व्यापाऱ्यांचा स्टॉक, सगळं तिथं यायचं. मशीनच्या खोलीत धुळीला सक्त मनाई होती. किश्शांना नव्हती, म्हणून ते साचत गेले. अजूनही आम्ही जुने लोक भेटलो की कोणीतरी एक काढतं, त्याच्यामागून दुसरा येतो, आणि चहा थंड होतो.

माणसं थोडीच. पुण्याहून आलेले साहेब, प्रोग्राम लिहिणारा दिलीप, चपराशी शामराव, कार्डं पंच करणारी नंदा आणि मी.

आमचं काम सांगते. कागदावरची माहिती नंदा मशीनवर टाईप करायची, की जाड कार्डाला भोकं पडायची. मग तेच कार्ड माझ्या मशीनमध्ये. मी तोच कागद पाहून पुन्हा टाईप करायची. दोघींचं जुळलं तर कार्डाच्या कडेला एक खाच पडायची, म्हणजे कार्ड पास. नाही जुळलं तर लाल दिवा लागायचा आणि माझा कीबोर्ड लॉक! माझ्या हातून चुकीचं कार्ड कधी सुटलं नाही, हे मी छाती ठोकून सांगते. नंदा वैतागायची. ‘‘पमे, तू मैत्रीण आहे का सासू?’’

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. नंदाचं आणि दिलीपचं जमलं होतं. जात एक, घरं एकमेकांना माहीत, नंदाच्या आईबाबांना पोरगा पसंत. अडलं होतं ते पत्रिकेवर, आणि पत्रिकेवर अडून बसले होते नंदाच्या बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे मोठेबाबा. त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हलायचं नाही.

* * *

मशीनच्या खोलीत जाताना चपला-बूट बाहेर काढायचे, हा नियम. एकदा दिल्लीहून एक बडे अधिकारी पाहणीला आले. बूट काढायला तयार होईनात. साहेबांनी इंग्रजीत समजावलं, दिलीपनं हिंदीत समजावलं. उपयोग शून्य. मागून सगळ्यांनाच कळलं, त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भलंमोठं भोक होतं!

शेवटी शामराव पुढं झाला. ‘‘साब, मंदिर में जाते तो निकालते ना? वहां तो एसी भी नहीं रहता!’’

अधिकारी हसले आणि बूट काढले. भोक पाहून शामराव त्यांच्या कानाशी म्हणाला, ‘‘टेन्शन मत लो साब, हमारे यहां भोक पडे बिना कुछ अंदर जाताच नहीं.’’

* * *

मे महिना आला की अख्ख्या बिल्डिंगला कॉम्प्युटरचं काम निघायचं. नागपूरचा मे काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. एसी फक्त आमच्याकडे, आणि तोही माणसांसाठी नाही, मशीनसाठी!

खालच्या मजल्यावरचे एक वकील रोज दुपारी यायचे. प्रिंटरसमोर उभे राहून गंभीर मान हलवायचे. चारेक दिवस साहेबांनी सहन केलं, मग विचारलं, ‘‘वकीलसाहेब, तुम्हाला नेमकं काय शिकायचंय?’’

वकील शांतपणे म्हणाले, ‘‘उन्हाळा शिकून झाला साहेब. आता हिवाळा शिकून राहिलो.’’

* * *

त्याच उन्हाळ्यात एसी बंद पडला. मेकॅनिक मुंबईहून यायचा होता, आणि शाळांचे निकाल तर डोक्यावर. साहेब नागपूरला आल्यापासून कूलरच्या प्रेमात पडलेले. वाळ्याच्या ताट्या, पाण्याची सरसर, तो गारवा! त्यांनी चक्क घरचा कूलर उचलून आणला आणि मशीनसमोर लावला. म्हणाले, ‘‘पुण्यात असं सुख नाही!’’

दुपारपर्यंत त्या ओल्या हवेनं सगळी कार्डं फुगली. मशीन कार्ड गिळायची आणि अर्धवट चावून थुंकायची. साहेबांचा चेहरा पांढराफटक. परीक्षेला बसलेल्या पोरांपेक्षा त्यांनाच निकालाची जास्त भीती!

मग नंदा म्हणाली, ‘‘साहेब, गच्चीची किल्ली द्या.’’

आम्ही दोघी कार्डाचे ट्रे घेऊन गच्चीवर गेलो, चादरी अंथरल्या आणि कार्डं उन्हात वाळत घातली. उडू नयेत म्हणून वर विटांचे तुकडे. समोरच्या गच्चीवर एक काकू कुरडया घालत होत्या. त्या ओरडल्या, ‘‘काहून वं पोरींनो, कायच्या पापड्या होय त्या?’’

नंदा म्हणाली, ‘‘मॅट्रिकच्या निकालाच्या, काकू! तुमच्या बंड्याचीही वाळून राहिली!’’

काकूंनी कपाळावर हात मारला. ‘‘मंग त्याले जरा जास्त वेळ ठेव वं माय. लय कच्चा आहे तो!’’

* * *

निकाल वेळेवर लागले, आणि दुसऱ्याच दिवशी जरीपटक्याहून एक दुकानदार आले. मुलगा गणितात नापास. दिलीपनं कागद काढून दाखवला. ‘‘कॉम्प्युटरनंच काढलंय काका, माझ्या हातात काही नाही.’’

‘‘पण तुम्ही त्याले सकाळी विचारलं असन ना?’’

‘‘हो, सकाळीच.’’

‘‘मंग आता जेवण झाल्यावर विचारून पाहा. जेवण झाल्यावर माह्या बायकोचं मत बी बदलते.’’

दिलीप सरळ माणूस. त्यानं खरंच पुन्हा चालवून दाखवलं. तोच निकाल! दुकानदारांनी मशीनला हात जोडले. ‘‘बाप्पा! माह्या बायकोपेक्षा पक्का आहे हा!’’

आम्ही हसून बेजार. पण दिलीप गंभीर. म्हणाला, ‘‘यात एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही मी. उद्या माझ्या सख्ख्या भावाचं असलं तरी नाही.’’ नंदा त्याच्याकडे अशी पाहत होती की विचारू नका. तेव्हा कौतुकानं पाहत होती. पुढं हेच तिला जड जाणार होतं.

* * *

आम्ही सगळेच त्या मशीनच्या किती आहारी गेलो होतो ते ऐका. एकदा साहेबांनी विचारलं, ‘‘यंदा पंधरा ऑगस्ट कोणत्या वारी येतोय?’’

झालं! दिलीपनं लगेच प्रोग्राम लिहायला घेतला. नंदानं कार्डं पंच केली, मी तपासली. मध्ये लाईट गेली, आली, पुन्हा पहिल्यापासून. चहा झाला, जेवण झालं, दुपार कलली तेव्हा प्रिंटरमधून कागद बाहेर आला.

साहेबांनी कागद वाचला. मग प्रिंटरच्या डोक्यावर, भिंतीला लटकलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘‘वा! कॅलेंडरही बरोबर आहे!’’

* * *

आता नंदाचं. आमच्या सेंटरकडे धंतोलीतल्या एका ज्योतिषीबुवांनी पत्रिका जुळवायचा प्रोग्राम करून मागितला होता. तो लिहिला दिलीपनंच. जन्माची तारीख, वेळ, गाव टाका, छत्तिसातले गुण छापून बाहेर! शनिवारी दुपारी लोक रांगा लावायचे. कालपर्यंत गुरुजींशी हुज्जत घालणारी माणसं त्या कागदापुढं चिडीचूप बसायची.

नंदाची नि दिलीपची पत्रिका ज्योतिषीबुवांनी आधी हातानं पाहिली होती. जुळली नाही. बुवा हळहळले. म्हणाले, ‘‘पोरगी पहाटे पाच चाळीसला झाली. सातच्या पुढं झाली असती, तर नक्षत्र बदलत होतं. मग यासारखं स्थळ नव्हतं!’’

नंदा माझ्यापाशी येऊन रडली. ‘‘जन्माला यायची मलेच काय घाई झाली होती वं?’’

आणि वेळ चुकली म्हणायचीही सोय नव्हती! नंदाचे बाबा रेल्वेत गार्ड. मिनिटाचे पक्के. त्यांच्या घड्याळावर अख्खी गल्ली आपलं घड्याळ लावायची. लेकीच्या जन्माची वेळ दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनीच स्वतः टिपलेली.

तिकडे मोठेबाबांनी दुसरं एक स्थळ पाहून ठेवलं होतं, अमरावतीचं. पण ते शेवटचं म्हणून एका गोष्टीला तयार झाले. ‘‘माणूस चुकते. मशीन चुकत नाही. मशीनवर पाहू. मशीन हो म्हणन तर हो, नाही तर अमरावती.’’

नंदानं दिलीपला गाठलं. ‘‘प्रोग्राममध्ये थोडं काही करता येईल का?’’

दिलीप ताठ. ‘‘नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.’’

‘‘मंग लग्न बी तत्त्वाशीच कर!’’ म्हणून ती जी निघाली, ती शनिवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी मोठेबाबा आले. मागून नंदाचे बाबा, नेहमीसारखे गप्प. दोघांनी चपला बाहेर काढल्या. मोठेबाबांनी मशीनला नमस्कार केला, मग आमच्या दोघींच्या मध्येच खुर्ची टाकून बसले. ‘‘सगळं माह्या डोळ्यादेखत होऊ द्या.’’ डोळे कसले, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं!

दिलीपचं कार्ड झालं. पास. मग नंदानं स्वतःचं कार्ड पंच केलं आणि माझ्याकडे दिलं. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही, बांगड्याच फिरवत बसली.

मी कागद पाहून टाईप करत गेले. नाव जुळलं. तारीख जुळली. वेळ आली. मी पाच दाबला.

लाल दिवा! कीबोर्ड लॉक!

मोठेबाबा खुर्चीतून पुढं वाकले. ‘‘हा दिवा कायचा?’’

‘‘काही नाही मोठेबाबा, मशीन गरम झाली.’’

‘‘एवढ्या एसीत?’’

‘‘नागपूरची आहे ना!’’

माझ्या मशीनची एक रीत होती. चूक दाखवली तरी लॉक सोडवून ती अजून एक संधी द्यायची. मी नंदाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. पोट्टी अमरावतीला गेली असती तर मी कोणाच्या चुका काढल्या असत्या? आणि आमच्या घरात पत्रिकेचा प्रश्न माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच निकालात काढला होता. मला कायची भीती!

मी सात दाबला. दिवा विझला. पुढचं सगळं धडधड जुळलं आणि कडेला खाच पडली. म्हटलं, ‘‘कार्ड पास!’’ एवढ्या मोठ्या आवाजात मी कधीच बोलले नव्हते.

पण मोठेबाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, ट्यूबलाईटसमोर धरलं, वळवून पाहिलं. कार्डाच्या वरच्या कडेला, भोकांवर, बारीक अक्षरात सगळं छापलेलं असायचं. त्यांना काही ते दिसेना. त्यांनी कार्ड भावाच्या हातात दिलं. ‘‘वाच रे, काय लिहिलं ते. मोठ्यानं वाच.’’

आता मेलो! नंदानं डोळे मिटले.

नंदाच्या बाबांनी खिशातून चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. डोळ्यांवर चढवला. कार्ड वाचलं. मग लेकीकडे पाहिलं, तिकडे मशीनपाशी घाम पुसत उभ्या असलेल्या दिलीपकडे पाहिलं, आणि पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

‘‘नाव बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तारीख बरोबर आहे. वेळ, पहाटे पाच चाळीस.’’

‘‘पक्कं?’’

‘‘दादा, वेळेच्या बाबतीत मी कधी चुकलो का?’’

मोठेबाबांनी मान डोलावली. कार्डं आत गेली. प्रिंटर करकरला. दिलीपनं कागद फाडून वाचला, पुन्हा वाचला, आणि मग मोठ्यानं वाचून दाखवला. जुळली होती! नुसती जुळली नव्हती, उत्तम जुळली होती! मोठेबाबांनी तो कागद कपाळाला लावला. ‘‘मी म्हणत होतो ना? माणूस चुकते, मशीन नाही! बुवाले साधी बेरीज येत नाही!’’

शामराव पेढे आणायला धावला. नंदा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. मोठेबाबा पुढं जिना उतरू लागले. नंदाचे बाबा दाराशी चपला घालत होते. मी त्यांना वाट द्यायला बाजूला झाले.

त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, ‘‘पोरी, तुमची मशीन अक्षर फारच बारीक छापते वं. चष्मा होता म्हणून वाचता आलं.’’