फागूमामा आणि सातवा कक्ष

फागूमामा जंगलात कशाकडेही बोट दाखवत नसत. घरटं असो, पाऊलठसा असो, की खोडावर अस्वलाने मारलेले ओरखडे असोत, ते थांबत, हनुवटी किंचित वर करत आणि आपल्याला दिसेपर्यंत तसेच उभे राहत. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांची मान अवघडली आहे. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "बोट दाखवलं का पाखरू घरटं सोडते, मॅडम. पाह्यलं ना तुमी? मंग झालं. चला."

"पाह्यलं ना? मंग झालं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. वाघ दिसला तरी तेच आणि मुंगूस दिसलं तरी तेच.

फागू मडावी चोरखमारा तलावाच्या पलीकडच्या एका गोंड वस्तीतले. अभयारण्यात वनमजुरी करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. मी गोंदिया शहरातली, वनस्पतिशास्त्र शिकलेली. अभयारण्यातल्या प्रत्येक कक्षाचं, म्हणजे आखून दिलेल्या तुकड्याचं, संवर्धनमूल्य ठरवायच्या कामावर मला कंत्राटाने घेतलं होतं आणि मामांना माझ्यासोबत दिलं होतं. जुनी झाडं किती, ढोल्या किती, पाणी कुठे, जनावरांचा वावर कसा, या सगळ्याला गुण द्यायचे. ज्याला जास्त गुण तो कक्ष शांत राहणार, ज्याला कमी तो पर्यटकांच्या गाड्यांना खुला होणार. पहिल्याच चहाला मी हे मामांना समजावून सांगितलं.

"मार्क कोन देते?"

"मी."

"अन् कोनाले?"

"जंगलाला."

मामांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "नापास झालं त कुठं धाडता त्याले?"

मी पोट धरून हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला मला वर्ष लागलं.

कामात ते माझ्यापेक्षा काटेकोर होते. एकदा मी अस्वलाचे ओरखडे पाहून ‘ताजे’ असं लिहिलं. मामांनी खोडावर अंगठा फिरवला. "हे मागच्या सालचे आहेत. खोटे मार्क कायले देता?" मला खोडावं लागलं. त्यांना जंगल पास व्हायला नको होतं असं नाही, पण कॉपी करून पास झालेलं त्यांना चाललं नसतं.

सातव्या कक्षात आम्ही भर उन्हात पोचलो. आमची पद्धत अशी होती की नकाशावर आखलेल्या सरळ रेषेत चालायचं, ठरावीक अंतरावर थांबायचं आणि दोन्ही बाजूंची झाडं मोजून फॉर्मच्या चौकटीत आकडा लिहायचा. अर्ध्या वाटेवर मामा थांबले आणि डावीकडे वळले. मी विचारलं, "काय झालं?"

"समोर पेनठाना आहे, आमच्या देवाची जागा. तिथं टेप नाई लावत. देवाचं मोजत नाई आमी."

दाट सावली होती समोर. साजाची, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या ऐनाची, जुनीपुराणी झाडं होती आणि कुठूनतरी झिऱ्याचा आवाज येत होता. मी वहाणा काढून लांबूनच नमस्कार केला. आपण किती समजूतदार, असंही वाटलं. राईला वळसा घालून आम्ही पुढे रेषेला लागलो. राहिलेल्या चार चौकटींत मी एकेक आडवी रेघ ओढली. न मोजण्याचं कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं असतं, ते मला ठाऊक होतं. पण ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात कावळे ओरडत होते. संध्याकाळी लिहू म्हटलं आणि विसरले.

संगणकाला आडवी रेघ कळत नाही. त्याने चारही ठिकाणी शून्य झाडं धरली. ज्या राईमुळे सातवा कक्ष पहिला आला असता, तिच्यामुळेच तो शेवटी गेला. आणि त्या यादीवर न वाचता सही करणारी मीच.

वर्षभराने मामांचा फोन आला. "मॅडम, सातव्यात साजाले तोडासाठी रंगाचे पट्टे मारून राह्यले. गाड्यांचा रस्ता येते म्हनते." मग विचारलं, "तुमी त पाह्यलं होतं ना?"

मी धावत वनखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "कागदावर शून्य आहे. ते खोडायला दुसरा आकडा लागेल. आठ दिवसांत मोजून आणा."

हे मी मामांच्या अंगणात बसून सांगितलं. "चूक माझी आहे, मामा," मी म्हटलं.

"देव आहे म्हनून लिहून दिलं त नाई चालत?"

"तेव्हा लिहिलं असतं तर चाललं असतं."

मला रडू आलं. मामा म्हणाले, "रडता काऊन? झाडं उभे आहेत अजून."

दोन दिवस ते गावात सगळ्यांशी बोलत बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. टेप आत जाणार नव्हता आणि मीही नाही. मोजणार ते एकटे, आपल्या हातांनी. म्हणून राईच्या बाहेर मामा हात पसरून उभे राहिले आणि मी टेपने त्यांची वाव मोजली, एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत. मग ते अनवाणी आत गेले. प्रत्येक झाडापुढे आधी हात जोडत, मग त्याला मिठी मारत आणि ओरडून सांगत, "दोन वाव. वर ढोली. धनेश आहे." मी बाहेरून लिहीत होते. हळूहळू त्यांचा आवाज बसत गेला.

बाहेर आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. "आता हे देवाचं नाई राह्यलं, मॅडम. कागदाचं झालं."

रस्ता वळला. सातव्या कक्षाला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. नवा कागद घेऊन मी वस्तीवर गेले. "पास झालं, मामा. पहिला नंबर." त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. पोह्यांची बशी पुढे केली. राईचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने ते गेले. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. त्यांचा मोठा मुलगा मनसाराम बापाच्याच जागी वनमजूर आहे. तो मला राईपर्यंत घेऊन गेला. राईच्या कडेला एका जागी गवत दबून जमीन उघडी पडली होती.

"बाबा इथूनच हात जोडे," तो म्हणाला. "मोजलं त्या दिवसापासून अंदर नाई गेला. मी लय म्हनलं. म्हने, कोन्या तोंडानं जाऊ."

चार चौकटी होत्या. ‘आत देवस्थान, मोजणी केली नाही,’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता.

मी वहाणा काढून त्या उघड्या जमिनीवर उभी राहिले. वर पंखांचा मोठा आवाज झाला, धनेश आला असावा. मनसारामने हनुवटी वर केली आणि तसाच थांबला, मला दिसेपर्यंत. मी मान खालीच ठेवली. वर पाहिलं असतं तर मी झाडं मोजली असती.