मायचा पाचवा दिवस

रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालली होती. रान पाटलाचं. माझा नवरा तिफन हाकत होता, मी मागं चाड्यावर मूठ धरून बी सोडत होते, बी माझ्या ओटीत. बांधावरून पाटलीनबाईला माझ्या लुगड्यावरचा डाग दिसला. तिनं तिफन थांबवली. साऱ्या बायांसमोर माझी ओटी सोडायला लावली, बी खाली सांडून घेतलं, त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं.

"तुझी माय बी अशीच सडून मेली. जा, गोठ्यात बस."

नवरा बैलाच्या पाठीवर हात फिरवत दुसरीकडं पाहत राहिला. मला राग बी आला न्हाई. रिकामी ओटी खोचली आन घरी आले.

पाटलीन खोटं बोलली न्हवती. आमच्याकडं बाई बाजूला बसली का चार दिवस गोठ्यात, पाचव्या दिवशी न्हाऊन घरात. मायच्या अंगावरून जाणं थांबंचना. मग पाचवा दिवस येणार कुठून? तिची दिवाळी गोठ्यात, संक्रांत गोठ्यात. मी लहान होते. शिवायचं न्हाई म्हणून लांबूनच तिच्या हातावर भाकर टाकायचे. तिथंच ती मेली. मावशीचं बी तसंच झालं. त्या घराला शाप हाय, लोकं म्हणायचे. बायकांचं दुखणं. सांगायचं कोनाला?

आता गोठ्यात मी. चार दिवस गेले, रक्त थांबलं न्हाई. सासू म्हणली, पुन्हा पहिल्यापासून मोज.

माझी पोरगी भाकर घेऊन आली. लांब उभी राहिली आन वरून टाकली. निम्मी माझ्या हातावर, निम्मी शेणात. मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. तोंडावर काहीच न्हवतं. मी बी तशीच उभी राहायचे.

उठले आन तिचं मनगट धरलं.

"माय, इटाळ व्हतो न," ती म्हणली.

"व्हऊ दे."

तिच्या हाती माझ्या भावाला सांगावा धाडला, त्यानं गाडी जुंपली. नांदेडात बाईडाक्टर होती, हैद्राबादकडची. तिनं तपासलं. पिशवीच्या तोंडाशी मांसाचा कोंब होता, तो काढला. मग विचारलं, माय कशानं गेली? मायचं बी सांगितलं, मावशीचं बी. जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. तिनं सारं लिहून घेतलं.

"तुम्हारा कोंब तो सादा लगता है. मगर माँ को सरतान, यानी कैंसर, रहा होगा. हर साल आके दिखाना. बेटी को बेवक्त खून दिखे तो एक दिन मत रुकना."

सरतान म्हंजी आतून खाणारा रोग. शाप न्हवं. एवढं कळायला माझी माय गेली, मावशी गेली.

पुढच्या पेरणीला पाटलाचा गडी बलवायला आला. तुझी मूठ सारखी पडती, बाई ये म्हणली. मी त्याला सांगितलं, बाईला म्हणावं, माझ्या मायला रोग होता, आन मी तुमच्या रानात येत न्हाई.

औंदा निजामाचं राज गेलं म्हणतेत. गावातल्या बाया अजून गोठ्यातच बसून राहिल्या.

औंदाच माझी पोरगी न्हाती-धुती झाली. ते दिवस ती चुलीपाशी काढती, माझ्या ताटात जेवती. सासू वेगळं शिजवून खाती. खाऊ दे. माझ्या आत पुन्हा काय उगवंल ठावं न्हाई, भ्या वाटतं. पण पोरीला सांगून ठेवलं. अवेळी डाग दिसला तर लपवायचा न्हाई, वरडून सांगायचं. बाप ऐकंल, गाव ऐकंल, ऐकू दे. त्याच दिवशी गाडी जुंपायची. आमच्या रक्तातल्या गोठ्यात मेल्या त्या दोघी, माझी माय आन मावशी. तिसरी न्हाई.