बाही एकवीस

मास्तरांच्या रजेचा कागद मंजूर होऊन आला तो त्यांनी शिलाई मशीनच्या वर, भिंतीला टाचणीने टोचून ठेवला. दर चार-पाच टाक्यांनंतर मान वर करायची, कागद जागेवर आहे ना बघायचं, मग पुन्हा पायडल.

"मास्तर, एवढं बघू नका हो त्याच्याकडे," इस्त्रीवाला म्हणाला, "शाई उडेल."

"तू तुझ्या वाफेकडे बघ."

दुकान बाजाराच्या इमारतीत तळघरात होतं, थेट जिन्याखाली. खिडकी नाही. डोक्यावरून दिवसभर पावलं जायची. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते मास्तरांना गिऱ्हाइकांच्या पँटींच्या खालच्या काठांवरून कळायचं. काम एकच, दुसऱ्यांचे कपडे आखूड करणं. इथे नवीन काही शिवायला कोणी देतच नसे. लोक विकत आणत, लांब होई, मास्तर कापत. अकरा वर्षं.

अकरा वर्षांत घरी एकदाही नाही. आधी करार होता, मग करार संपला आणि राहण्याच्या परवान्याचा अर्ज लागला. अर्ज लागलेला असताना देश सोडला तर परत येता येत नाही, हे इथल्या प्रत्येक परक्या माणसाला पाठ असतं. महिन्याभरापूर्वी परवाना हातात पडला. मॅनेजरीणबाईंनी रजा दिली. तिकीट निघालं. आता एकोणीस दिवस राहिले होते.

मास्तरांनी कापड आणलं. गडद निळं, मऊ, गरम. आईच्या कोटासाठी.

अकरा वर्षांपूर्वी इकडे यायला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्यांची मापं घेऊन एका वहीत लिहून ठेवली होती. आपण नसताना दुसऱ्या शिंप्याने वाट लावू नये म्हणून. तेव्हा आई हात पसरून उभी होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"मला कोट शीव. खिसेवाला. तुम्ही शिंपी लोक बायकांना खिसे म्हणून देत नाही. जसं काही आम्हाला ठेवायला वस्तूच नसतात."

"काय ठेवणार आहेस?"

"ते माझं मी बघीन. तू खिसा दे. आणि बाही लांब ठेव, मागच्या वेळसारखा चिंगूसपणा करू नकोस. माझे हात झाकले पाहिजेत."

तो कोट राहिला तो राहिलाच.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी बहिणीला फोन लावला. बहीण धाकटी. घरात चिमणी म्हणायचे, आता तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी मास्तरांच्या तोंडी 'चिमे'च.

"चिमे, आईला फोन दे."

"झोपलीय रे."

"भरदुपारी? परवाही झोपलेली, त्याआधी शेजारी गेलेली. पंतप्रधान झालीय का ती? भेटायला चिठ्ठी पाठवू?"

बहीण हसली. जरा उशिरा हसली. "म्हातारं माणूस आहे, दादा. झोपणारच."

"आणि तो फोनचा कॅमेरा?"

"फुटलाय म्हटलं ना तुला. दुरुस्तीला टाकते, टाकते म्हणते."

"बरं, ऐक. तिचं माप हवंय. कोट शिवतोय. जरा उठवून घे, मी फोन धरतो."

"आत्ता?"

"मग काय, विमानात शिवू?"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. कपाटाचं दार करकरलं. दोन मिनिटांत बहीण परत आली आणि धडाधड सांगत सुटली. "लिही. छाती अडतीस. खांदा साडेचौदा. बाही एकवीस. उंची पूर्वीचीच."

मास्तरांनी लिहून घेतलं. "उठली वाटतं?"

"उठली, दिलं, परत झोपली. ठेवते रे, दूध उतू जातंय."

मास्तर खुशीत होते, आणि खुशीतल्या माणसाला ऐकू जरा कमीच येतं. त्यांनी टेबलावर कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या, पुढचा भाग कापला, मागचा कापला. कडेने दीड इंच माया सोडली. शिवणीच्या आत असं जादा कापड ठेवलं की माणूस पुढे अंगाने सुधारला तर उसवून मोठं करता येतं.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमची कात्री नवीन कापडावर बघतोय," इस्त्रीवाला म्हणाला. "आवाज पण वेगळा येतो तिचा."

मग बाही. वीस इंचांवर खूण केली, एकवीसवर केली, आणि खडू तिथेच थांबला.

"काय झालं? कापड कमी पडलं?"

"आईचा हात वीस इंचाचा आहे," मास्तर म्हणाले.

"मग?"

"तिला हात झाकायला हवे असायचे, म्हणून वहीत मी एकवीस लिहिलं होतं. मनाने. फीत लावून मोजलं तर कुणालाही वीसच मिळेल." त्यांनी कागदावरचे आकडे पुन्हा वाचले. "छाती अडतीस. अकरा वर्षांपूर्वी पण अडतीस. म्हाताऱ्या बाईची छाती अकरा वर्षं अडतीस राहते का रे?"

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

मास्तरांनी फोन लावला. तीन वेळा कट झाला. चौथ्यांदा उचलला.

"चिमे, कुठलं माप दिलंस?"

"आईचं."

"वहीतलं दिलंस."

पलीकडे कपाटाचं दार पुन्हा करकरलं.

"ती आहे ना?" मास्तरांचा आवाज इतका खाली गेला की तिला ऐकूच गेलं नसावं. म्हणून पुन्हा म्हणाले, "चिमे, आई आहे ना?"

"आहे! आहे रे, असं काय बोलतोस!" आणि मग तिला आवरेना. "पडून आहे. चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली. बोलत नाही. मला कधी ओळखते, कधी मलाच आई म्हणाल्यासारखं बघते. उभी कुठून करू माप घ्यायला?"

"चौदा महिने, आणि तू मला म्हणतेस दूध उतू जातंय?"

"ओरड. ओरडून घे. तुझा अर्ज लागलेला होता. कळलं असतं तर तू उठून आला असतास आणि तुझं तिथलं सगळं मातीत गेलं असतं. मला तिनेच सांगितलं होतं, बोलता येत होतं तेवढ्या दोन दिवसांत. दादाला आधी कागद मिळू दे, म्हणाली. आणि कागद आला तेव्हा तू निघालाच होतास, म्हटलं आल्यावर बघशील. मी काय करायला हवं होतं? सांग ना!"

मास्तरांनी कागदावरचे आकडे एकेक करून खोडले.

"फीत आहे जवळ?" ते म्हणाले.

"आहे."

"चादर बदलतेस ना तिची, तशीच. आधी एका कुशीवर कर. फीत पाठीखालून सरकव. मग दुसऱ्या कुशीवर. घाई करू नकोस, मी आहे."

फोन उशीजवळ ठेवला असावा. कॉट वाजली. बहिणीचा आवाज आला, लहान मुलाशी बोलतात तसा. "झालं हं, झालं. दादाला हवंय." आणि मध्ये एक घोगरा आवाज, ज्यात शब्द नव्हता. मास्तरांनी फोन कानात रुतवला.

"छाती तीस," बहीण म्हणाली.

"नीट बघ."

"तीसच आहे, दादा. खांदा साडेबारा. उजवं कोपर सरळ होत नाही."

"वाकलेलंच मोज. कोणता हात चालतो?"

"डावा. तोही जरासा."

दुपारनंतर मास्तर रजा अलीकडे मिळेल का विचारायला वर जाऊन मॅनेजरीणबाईंसमोर उभे राहिले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वही उघडून दाखवली, हंगामाची कामं दाखवली, दुसरा शिंपी त्यांच्या रजेच्या तारखेआधी येत नाही हेही दाखवलं. "अकरा वर्षं थांबलात ना, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "एकोणीस दिवस तर आहेत."

खाली येऊन ते मशीनवर बसले. कापलेलं कापड मोठं होतं. मोठ्याचं लहान करता येतं, त्यांचा धंदाच तो. दोन्ही बाजूंनी चार-चार इंच कापून आत घेतले, माया तेवढीच ठेवली. पाठ मधोमध उघडी ठेवून तिला नाड्या लावल्या, म्हणजे हात न उचलता पुढून घालता येईल. उजवी बाही कोपरापर्यंत न शिवता बंद लावले. डावीला मात्र पूर्ण एकवीस इंच दिले.

खिसा लावायला घेतला तेव्हा इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, पडून असलेल्या माणसाला खिसा..."

"हात ठेवायला," मास्तर म्हणाले. त्यांनी खिसा पोटावर घेतला, त्याचं तोंड डाव्या हाताकडे.

इस्त्रीवाल्याने कोट उलटा करून फळीवर टाकला. शिवणीतलं दीड इंच जादा कापड आत घडी होऊन जाड बसलं होतं. त्याने बोट फिरवून बघितलं, मग मास्तरांकडे.

"हे टोचेल त्यांना. दिवसभर कुशीवर असतात म्हणता."

"असू दे. वजन वाढलं तर उसवता येईल."

इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून नुसता उभा राहिला. डोक्यावरून पावलं जात होती.

मास्तरांनी कोट परत ओढून घेतला. एक शिवण बोटांत धरून चुरगाळली, स्वतःच्या बरगडीवर दाबून बघितली. मग कात्री उचलली आणि आतलं सगळं जादा कापड शिवणीलगत कापून टाकलं.