दिरांसाठी निवडलेलं बेट

सूड घ्यायला फार काही लागत नाही. सहल ठरवण्याचं काम आपल्याकडे आलं तरी पुरतं. २००५ साली ते काम माझ्या मोठ्या दिरांनी पूर्व किनाऱ्यावरच्या श्रूजबरीहून फोन करून आपण होऊन माझ्यावर टाकलं. "मी बिझी आहे. लोकेशन तू फायनल कर, लॉजिस्टिक्स माझ्याकडे."

दीर कुठल्याशा कंपनीत डिरेक्टर होते आणि घरीही तेच होते. आदल्या उन्हाळ्यात नायगारा त्यांनी आखला होता. तेव्हा माझी आई सांगलीहून आमच्याकडे, ओहायोतल्या डब्लिनला आली होती. गुडघ्यांमुळे ती सावकाश चालायची. धबधब्याच्या पार्किंगमध्ये दिरांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "काकू, तुम्ही एसीत आरामात बसा. आम्ही पटकन बघून येतो. स्केड्यूल टाइट आहे." लेकीच्या सासरच्यांचा खोळंबा आईला चालणारा नव्हता. ती बसली, मीही तिच्याजवळ बसले. आम्ही दोघींनी पुष्कळ व्हॅन पाहिल्या.

घरी आल्यावर ती मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, काय ते पाणी! डोळे फिरतात." ते पाणी तिने आमच्या फ्रिजवरच्या मॅग्नेटवर पाहिलं होतं. मी भाजी चिरत होते. दिरांना माफ करायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा आली आणि ही शेवटची खेप म्हणाली. मी मिशिगनमधलं मॅकिनॉ बेट निवडलं. भोवती समुद्रासारखं तळं, वर जुना किल्ला, आणि मोटारींना पूर्ण बंदी. सायकली आणि घोडे, बस्स. आईला किल्ला दाखवायचा आणि दिरांची गाडी काढून घ्यायची, दोन्ही एका खर्चात.

"दादाला सांगितलंस ना, तिथे गाड्या नाहीत?" नवऱ्याने विचारलं.

"लिंक पाठवलीय. पहिल्याच ओळीत आहे."

दिरांचं उत्तर आलं होतं: 'नोटेड.' दुसऱ्याने पाठवलेलं काही ते कधी उघडत नसत. माझा सगळा बेत त्यांच्या या स्वभावावर उभा होता.

जुलैत ते नवी एसयूव्ही घेऊन आले. मागे राइस कुकर, घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि जाऊबाईंच्या दह्याचा, मळलेल्या कणकेचा, बर्फ भरलेला पेटीएवढा कूलर. ओहायोपासून आम्ही त्यांच्या मागेमागे उत्तरेला गेलो. धक्क्यावर त्यांनी रुबाबात काच खाली केली. "गाडी बोटीवर कुठून चढवायची?"

"गाडी इथेच राहते, सर," तिकीटवाला म्हणाला. "पलीकडे घोडे आहेत."

दीर माझ्याकडे वळले. "तू बोलली नाहीस?"

"लिंक पाठवली होती, भाऊजी. तुम्ही नोटेड म्हणालात."

"डॅड, एव्हरीबडीला माहीत होतं," त्यांची मुलगी म्हणाली. ही पोरगी मला तेव्हापासून फार आवडते.

बाकीचं सामान गाडीत राहिलं, पण दही उन्हात सोडायला जाऊबाई तयार नव्हत्या. कॉटेज संध्याकाळी मिळणार होतं, त्यामुळे कूलर दिवसभर दिरांच्या हातात राहिला.

बेटावर आम्ही घोडागाडी केली. हाकणाऱ्या बाईने आईला हात देऊन पुढच्या बाकावर बसवलं. दीर सगळ्यात मागे, मांडीवर कूलर. घोडे आईच्याच चालीने चालत होते. मध्येच एक थांबला, सवडीने लीद टाकली, आणि सगळी गाडी त्याच्यासाठी थांबली.

"हे याहून फास्ट जात नाहीत का?" दिरांनी विचारलं.

"जनावर आहे," आई मागे न बघता म्हणाली. "त्याचं होऊ द्या."

गाडी चढ चढून किल्ल्याशी गेली. आई तटाला टेकून उभी राहिली. खाली पांढरी घरं, त्यापुढे नुसतं निळं पाणी, पलीकडचा काठ जेमतेम दिसणारा. ती बघत राहिली. सगळ्यांचे फोटो झाले, मुलं आइस्क्रीम खाऊन परत आली, तरी ती बघतच होती. दीर कूलरवर बसून रुमालाने मान पुसत होते.

"काकू, झालं का?"

"नाही," आई म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडे वळली.

ऐन वेळी मला त्यांची दया येईल, अशी धास्ती होती. आली नाही.