आस्त्राखानला सांगितलेला उन्हाळा

रियाधच्या विमानतळावर माझी बॅग काट्यावर ठेवली तेव्हा काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "फिरायला चाललात की कायमचे?" चूक त्याची नव्हती. आमच्या सौभाग्यवतींनी गुहागरहून फोनवर फोन करून मला इतके स्वेटर घ्यायला लावले होते की त्या बॅगेत अख्खी मेंढी मावली असती. मला तर दाट संशय आहे की एक मावलेली होतीच.

मी रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामांत शीतगृहांची यंत्रं सांभाळतो. आत मासे गोठतात, बाहेर माणसं वितळतात, आणि मधल्या दारात मी उभा. रमजान ईदच्या सुट्टीला जोडून थोडी रजा मिळाली, तेव्हा सगळे म्हणाले मॉस्कोला जा. मॉस्कोला कोणीही जातं! मी नकाशावर बोट फिरवत व्होल्गा नदी खाली खाली नेली, ती कॅस्पियन समुद्राच्या तोंडाशी शंभर फाटे फोडून पसरते तिथं आस्त्राखान लिहिलेलं दिसलं. नदीचं मुख म्हणजे मासळी, आणि मासळी म्हणजे आपलं माहेर. ठरलं.

मॉस्कोहून सुटलेल्या छोट्या विमानात शेजारच्या बाईंनी मांडीवर रोपांची खोकी घेतली होती, आणि वळण आलं की आम्ही दोघं मिळून टोमॅटोची शेती सावरत होतो. आस्त्राखान समुद्रसपाटीच्याही खाली आहे. विमान जमिनीला टेकलं तरी मला वाटत राहिलं, अजून थोडं उतरायचं बाकी आहे.

माझी खोली एका तातार मुसलमान कुटुंबाच्या लाकडी घरात होती. खिडक्यांना अशी नक्षी की सुताराला घरी बायको बोलत नसावी, एवढा वेळ त्याला कुठून मिळाला? दारात ठेंगणी, गोरीपान म्हातारी उभी. रशिदा तिचं नाव, सगळे तिला अबी (आजी) म्हणत. तिची सून अल्सू शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे आमचं सगळं बोलणं तिच्या तोंडून चालायचं. मुलगा मराट बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हातांना तोच डिझेलचा वास, मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

बोळात एक उघडी सूटकेस होती. पांढरे सुती कपडे, मऊ चपला, औषधांची पिशवी, आणि वर छत्री.

"सासूबाई हजला निघाल्यात," अल्सू म्हणाली. "मशिदीच्या जथ्यात नंबर लागलाय. पण मराट नको म्हणतो. गुडघे, रक्तदाब. परवापर्यंत मशिदीत पक्कं सांगायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

मी सौदीत राहतो हे कळताच अबीनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. अल्सूनं सांगितलं, "मक्का कशी आहे, विचारतात."

"अबी, मी हिंदू. आम्हांला तिथं जाता येत नाही. मक्केच्या अलीकडे तायफ गावाकडे रस्ता फुटतो, तिथून आम्ही बाहेरच्या वाटेनं जातो."

अबीनं जरा विचार केला. "पण ऊन तर तेच ना?"

"ऊन अगदी तेच," मी म्हणालो. बोलणं तेवढ्यावरच थांबवलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मी शहर पायाखाली घातलं. टेकाडावरचा पांढराशुभ्र क्रेमलिन (जुना किल्ला), आत हिरव्या घुमटांचं चर्च. त्याकडे मान वर करून बघताना माझ्या मानेनं जी वळणं घेतली ती अजून पूर्ण सुटलेली नाहीत. कित्येक पिढ्यांपूर्वी इथं हिंदुस्थानी व्यापारी राहत, त्यांच्या वखारीची इमारत अजून उभी आहे. मी तिच्यासमोर छाती काढून फोटो काढला, जणू भाडं थकवून गेलेले ते माझेच चुलते.

मग मासळीबाजार. दोरीला टांगलेली सुकी व्होब्ला (नदीतली चपटी, खारवलेली मासळी) दिसली आणि माझे डोळे भरून आले. रियाधमध्ये एकदा सुके बांगडे भाजले तर अख्ख्या इमारतीनं दारं आपटली होती! विकणाऱ्या बाईनं एक मासळी टेबलावर दाणदाण आपटून सोलायची कशी ते दाखवलं. मी जुडगा घेऊन कोटाच्या खिशात खोचला. परतताना नदीकाठानं माझ्यामागे मांजरांची मिरवणूक. चार होती, पण चाळीस म्हणायला माझी हरकत नाही. ट्राममध्ये, म्हणजे ती बसच होती, एका आजोबांनी माझ्या खिशाकडे बघून बियरचा पेला उचलल्याची खूण केली. मी नमस्कार केला.

संध्याकाळी अबीनं जेवायला बसवलं. ऊखा (माशाचं पातळ सार), पेरेम्याच (खिम्याच्या गोल तळलेल्या पुऱ्या), आणि चक्क दूध घातलेला चहा. पोट भरलं की माझी जीभ सुटते, हे रियाधच्या आमच्या खोलीतल्या भिंतींनाही ठाऊक आहे. मराटनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तिकडे खरंच खूप उकडतं का?"

उन्हाळ्याचा विषय आणि समोर नवे कोरे श्रोते! मी बाह्या सरसावल्या.

"उकडतं? अहो, आमच्याकडे नळाला येतं त्या पाण्यात सरळ चहापत्ती टाकायची. आमच्या एका ड्रायव्हरच्या चपला डांबरात रुतल्या, तो अनवाणी पळाला, चपला अजून तिथंच आहेत."

अल्सूनं वर्गात धडा समजावून सांगावा तसं एकेक वाक्य नीट, पूर्ण, सावकाश भाषांतरित केलं. कोणी हसलं नाही. मला वाटलं, मीठ कमी पडलं.

"गोदामामागे एक कबुतर उडता उडता भाजून पडलं. मसाला लावायचा तेवढा बाकी."

भाषांतर. मराटनं माझ्या कपात स्वतः चहा ओतला.

"आणि मक्केत?"

"मक्केपुढे आमचं रियाध म्हणजे फ्रीज!"

"म्हातारी माणसं काय करतात?"

"म्हातारी माणसं?" मी हात पसरले. "त्यांना तीन महिने कोणी दाराबाहेर काढत नाही. काढलं तर पापडासारखी वाकडी होतात, मग रात्री सरळ करावी लागतात."

गुहागरात किंवा अल सुलैच्या खोलीत हे वाक्य पडलं असतं तर कोणीतरी उशी फेकून मारली असती. "बस कर, फेकू!" आमच्याकडे ऐकणारा मनात दहानं भागतो आणि उरेल तेवढं घेतो. सांगणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो दहानं गुणून सांगतो. हिशेब चोख. पण त्या टेबलावर भागाकार करणारं कोणी नव्हतं. अबीनं हातातली पुरी ताटात ठेवली आणि रुमालानं बोटं एकेक करून पुसली. मी मात्र खुशीत. काय रंगली मैफल, असं मनात म्हणत झोपायला गेलो.

सकाळी बोळातली सूटकेस मिटून कपाटावर गेली होती.

"मराटनं मशिदीत फोन केला," अल्सू म्हणाली. "म्हणजे सासूबाईंनीच कर म्हणून सांगितलं. आज शेवटचा दिवस होता ना."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, पण मी गंमत करत होतो!"

"कोणती गोष्ट गंमत होती?" तिनं सरळ विचारलं, विद्यार्थ्याला विचारावं तसं.

काय सांगणार? नळाचं पाणी खरं होतं. चपला अर्ध्या खऱ्या. कबुतर आमच्या शीतगृहाच्या पंख्यात सापडलं होतं. म्हाताऱ्यांचं तर मी बसल्या बसल्या रचलं होतं. मी सगळं सांगितलं. मक्का मी पाहिलेली नाही, तिथं काय सोयी आहेत मला ठाऊक नाही, लाखो म्हातारी माणसं जातात आणि धडधाकट परत येतात, हेही सांगितलं. आयुष्यात इतकं सलग खरं मी लग्नाच्या बोलणीतही बोललो नव्हतो.

अबीनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या गालावर हात ठेवून काहीतरी म्हणाली.

अल्सू जरा घुटमळली. "म्हणतात, काल पाहुण्यानं खरं सांगितलं. आज मला वाईट वाटू नये म्हणून बिचारा खोटं बोलतोय."

मराट मान खाली घालून बुटाच्या नाड्या बांधत होता. मी त्याला म्हणालो, "भाऊ, पुन्हा फोन कर." त्यानं खांदे उडवले. जागा गेली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची बहीण किती वर्षं वाट बघत होती, तिला मिळाली. मराट माझ्यावर खूशही दिसेना. त्याला आईला वाचवायचं होतं, तिला कपाटावर ठेवायचं नव्हतं.

उरलेल्या वेळात मी काय पाहिलं ते विचारू नका. शहरातल्या तळ्यात हंस होते म्हणतात. निघताना अबीनं चाक-चाकचा (मधात घोळलेल्या तळणाचा लाडू) डबा हातात दिला आणि माझ्या मफलरची गाठ घट्ट केली, तिकडे फार ऊन असतं, हे विसरून.

रियाधला घ्यायला दाऊद आला होता, आमच्या गोदामाचा फोरमन, दापोलीकडचा. गाडीत बसताच म्हणाला, "हां, सोड आता. किती मोठा मासा पकडलास?"

मी जे झालं ते सांगितलं. मध्येच तो हसेल म्हणून थांबलो. तो हसला नाही. गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, माझ्या आईला मी हजला चाकाच्या खुर्चीवरून नेली होती. तिचे गुडघे तर तुझ्या अबीपेक्षा वाईट. मला एक फोन करायचास! दे तो नंबर."

आणि तिथंच, गाड्या भोंगे वाजवत असताना, त्यानं मोडक्या इंग्रजीत अल्सूच्या फोनसाठी बोलून संदेश भरला. चाकाच्या खुर्चीला वेगळी वाट आहे. पाण्याचे तुषार उडवणारे पंखे आहेत. काबागृहाभोवतीची फरशी भर उन्हातही पायाला गार लागते. अराफातच्या दिवशी (मैदानात उभं राहायचा हजचा मुख्य दिवस) मात्र आई फार थकली, रडली, घरी चल म्हणाली. मग संध्याकाळी तिनंच सांगितलं, आता मेले तरी चालेल. एवढं बोलून दाऊदनं फोन माझ्या मांडीवर टाकला. "बघ. असं सांगायचं असतं. थोडं चांगलं, थोडं वाईट."

पुढे किती तरी दिवस खोलीत पोरं रशियाच्या गोष्टी मागत होती. मी म्हणायचो, थंडी होती, मासळी छान होती. त्यांना वाटलं मी आजारी आहे.

मग अल्सूचं उत्तर आलं. सासूबाईंनी दाऊदचा निरोप पुन्हा पुन्हा लावून ऐकला. यंदाचं तर गेलं. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतात, कोणी सांगावं. पण त्यांना काही विचारायचंय. ती फरशी गार म्हणजे किती गार? सकाळच्या नदीकाठच्या दगडाइतकी का? त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला हात लांब करून फरशीला हात लावता आला होता का?

खाली अल्सूनं एक ओळ वेगळी लिहिली होती. "रागावू नका, पण त्या म्हणतात, उत्तर त्या दाऊदनं द्यावं. तुम्ही नको."

मी फोन दाऊदकडे दिला आणि तो बोलत असताना दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. ऊन होतं. नेहमी असतं तेवढंच.