चिंधी बांधलेले टोमॅटो

पद्मक्कांच्या बागेत काही टोमॅटोंच्या देठाला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली असे. चिंधीचं फळ सगळ्यांत मोठं असायचं असंही नव्हे. हुबळीच्या विद्यानगरात आमच्या कंपाउंडाला लागूनच त्यांचं घर. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या चिंध्या मी सात वर्षं पाहिल्या आणि कधी विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला ठाऊक आहे. माझ्या बहुतेक फजित्या याच समजुतीतून सुरू झाल्या आहेत.

त्यांचे टोमॅटो चपटे, भोपळ्यासारख्या खाचा पडलेले, चवीला सणसणीत आंबट. बी त्यांच्या आईकडून आलेलं. मी दुर्गदबैलच्या बाजारातून हायब्रिडचं पाकीट आणलं होतं. फळं थेट पाकिटावरच्या चित्रासारखी लागली, तेव्हा भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मी ती मोजत असे. पुढच्या वर्षी हुशारीनं त्याच फळांचं बी धरलं, तर एका झाडाला गोल, दुसऱ्याला लांबट, तिसऱ्याला बोराएवढे टोमॅटो.

"अण्णा, तुमच्या वाफ्यात लग्नाचं वऱ्हाड उतरलंय की हो," पद्मक्का भिंतीवरून म्हणाल्या. "कुणाचं तोंड कुणासारखं नाही!" मग मास्तरणीच्या सुरात, "हायब्रिड वाईट नव्हे. कामाला वाघ आहे. पण त्याची पोरं त्याच्यावर जात नाहीत. दरवर्षी नवं पाकीट आणा आणि सुखानं खावा."

एका मार्चमध्ये त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला निघाल्या. फाटकाची किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "एक दिवसाआड पाणी घाला. फळं काढून खावा. चिंध्या तेवढ्या सोडू नका."

मी सोडल्या नाहीत. आमच्या हुबळीत नव्या गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत सगळ्यांना दृष्ट लागते, तेव्हा त्या चिंध्या दृष्टीच्याच, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. एप्रिलअखेर झाडं उन्हानं करपली आणि चिंधीची फळं लालभडक होऊन मऊ पडली, तेव्हा चिंध्या आज्ञाधारकपणे झाडावरच ठेवून मी नुसती फळं काढली. माझी बायको सुमन हिनं त्यांचं सार केलं. मी ते चार घरी वाटलं आणि वर शाबासकीही घेतली.

जूनमध्ये पद्मक्का काठी टेकत परतल्या. वाळलेल्या झाडांवर चिंध्या लोंबत होत्या.

"फळं कुठं आहेत?"

"सार केलं, अक्का. सगळ्यांनी नावाजलं."

"अय्य, एन माडिदिरी! काय केलंत हे! ती बियाण्याला ठेवलेली हो!"

"मला वाटलं, दृष्टीसाठी..."

"टोमॅटोला कोण दृष्ट लावणार? तुम्ही सोडून?"

मी चाचरत विचारलं, "आधीचं बी असेल ना थोडं?"

"होतं ते सगळं यंदा पेरलं." त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "आईचं एवढंच होतं माझ्याकडं." मला भिंतीत शिरावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "सार तरी बरं झालं होतं?"

"फार छान."

"होणारच."

मला मुतखडा होऊन गेल्यापासून सुमन टोमॅटोचं बी काढून टाकते. ते मोरीतून वाहून जातं आणि मोरीचं पाणी जातं मागच्या केळीला. जुलैत त्या केळीच्या बुडाशी तिला टोमॅटोची चौदा रोपं दिसली. माझ्या हायब्रिडचं बीही तिथंच गेलेलं, त्यामुळे कुठलं कुणाचं, कळायला मार्ग नव्हता. पद्मक्कांनी वाकून वाकून पाहिली. "आत्ता ओळखू येणार नाहीत. सगळी जगवायची. फळ धरलं की कळेल."

पुढचे दोन महिने त्यांनी माझी शिकवणी घेतली. पानं पिवळी पडली की रागवायच्या, काठी उशिरा लावली की काठी उगारायच्या. चिंधी कुठल्या फळाला बांधायची तेही तेव्हा कळलं. "फळाच्या रूपाला भुलू नका, झाड बघा. पावसात कोण कुजलं नाही, रोगात कोण उभं राहिलं, त्याचं बी धरा."

झाडं फुलावर आली आणि पद्मक्का स्वयंपाकघरात पडल्या. मुलगा येऊन त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. निघताना चौदाही झाडांपाशी थांबल्या. मी पुन्हा माफी मागायला लागलो, तर "इरली बिडरी, असू दे आता," एवढंच म्हणाल्या.

दिवाळीत तेरा झाडांना गुळगुळीत फळं लागली. कुंपणाकडच्या एकाच झाडावर चपटी, खाचांची फळं होती. पुण्याला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर मी दोन पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन आला. अक्कांशी माझं ते शेवटचं बोलणं.

"खाल्लंत?" मी विचारलं.

"खाल्लं."

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"पुढच्या साली किती रोपं घालणार, अण्णा?"

"दहा."

"वीस घाला. दहा तुम्ही मारणारच."